इसार

आक्का, तुझ्या गल्लीतलं ते घर मी पाहून आले.
तुला सांगितलं नाही. मुद्दाम मेच्या दुपारी गेले,
अमळनेरची कुत्रीसुद्धा गटारीत शिरतात त्या वेळेला,
म्हणजे पश्चिमेची भिंत खोटं बोलणार नाही.
हात लावला. सोसवेल इतकी तापते.
मालकाचा मुलगा म्हणाला, वरती पत्र्याची शेड टाका ताई, मग बघा.
मी म्हटलं, बघते.
नऊ वर्षं मी हेच म्हणते आहे.

धुळ्यात, देवपुरात, आमच्या दोन खोल्या.
अकरा महिन्यांचा कागद, मग पुन्हा अकरा महिने,
बारावा महिना कुठे जातो, कळलं नाही.
खिळा ठोकायच्या आधी विचारावं लागतं.
जुबेदा आपा हो म्हणते, हातोडीही तिचीच देते,
पण विचारावं लागतं.
कॅलेंडरसाठी विचारलं, घड्याळासाठी विचारलं,
सासऱ्यांच्या फोटोसाठी विचारलं तेव्हा
ती स्वतः स्टूल धरून उभी राहिली.

हेमराज गणित करतो, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला.
भाडं साडेपाच हजार. हप्ता साडेचौदा, वीस वर्षं.
फिटेल तेव्हा मी त्रेसष्टची.
एकदा त्याने दिलेल्या सगळ्या भाड्याची बेरीज केली
आणि पंख्याकडे बघत राहिला.
पंखाही आपाचा.

मायचं गणित तोंडी.
"आठे ये ना बहीन, कितला दिन भाडं भरशी?"
तिला हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवं,
गुडघ्याला तेल चोळायला,
बिबड्यांचा घाटा घोटायला दोन धड हात.

आणि त्या घराच्या मोरीतून तुझी गच्ची दिसते, आक्का.
म्हणजे तुझ्या गच्चीवरून माझी मोरी.
आपण एका खाटेवर वाढलो, तुझा पाय माझ्या पोटात.
तेव्हाच मी ठरवलं होतं, मोठी झाले की
एक दार लावून घेईन, आतून.
रागावू नकोस.
देवपुरात एखाद्या संध्याकाळी चूल पेटत नाही,
आम्ही शेव-मुरमुऱ्यावर भागवतो, कुणाला पत्ता नसतो.
भांडण झालं तर ते पांझरेच्या पुलापर्यंतही पोचत नाही.
तिथे तू येशील, सकाळी, वाटीभर आमटी घेऊन,
आणि डोळे का सुजले ते
न विचारता उभी राहशील.

रिकाम्या स्वयंपाकघरात होते मी,
तो मुलगा मीटर बघायला बाहेर गेलेला,
तेवढ्यात मागच्या बाजूला कुणीतरी खोकलं.
तीनदा. मग थांबून एकदा.
तो शेवटचा एकदा फक्त भाऊंचा.
फोनवर ते खोकत नाहीत.
फोनवर म्हणतात, मी टणक शे.
मी ओट्याला टेकले. ओटा पोळत होता.
तशीच टेकून राहिले.

चौथ्या दिवशी इसार दिला. अकरा हजार, पावती माझ्या नावाची.
शेवटच्या बसने परत आले तर आपा पायरीवर,
मांडीवर कैऱ्यांची पाटी.
"ले लिया मकान?"
मी कुणाला बोलले नव्हते. हेमराज तर नाहीच.
म्हणजे शेव-मुरमुऱ्यांचा वास तिला येत होता,
पुलापर्यंत न पोचलेली भांडणंही
तिच्या पायरीवर येऊन बसत होती,
नऊ वर्षं, आणि तिने एकदाही
सकाळी माझे डोळे पाहिले नाहीत.
चार कैऱ्या हातात ठेवल्या. म्हणाली,
खिळे काढू नकोस, पुढच्याला लागतील.

तर ताबा दिवाळीनंतर.
हप्त्यांची भीती आहे तशीच आहे,
रात्री तीनला उठून मी अजून तीच बेरीज करते.
मायला इतक्यात सांगू नकोस, ती गल्लीभर पेढे वाटेल.
आणि मोरीच्या खिडकीला मी पडदा लावणार आहे,
आधीच सांगून ठेवते. जाड कापडाचा.
त्याचा खिळा
तुला न विचारता ठोकीन.
हातोडी मात्र तुझ्याकडूनच नेईन.